आधीचे सात सेकंद

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी संगणकाला एक तुकडा कापायला सांगितला आणि त्याने मला मागितल्यापेक्षा सात सेकंद जास्त दिले. सढळ हाताच्या वाण्याने माप भरल्यावर वर चिमूटभर टाकावं, तसे. मला राग आला. सव्वीस वर्षं बातम्यांच्या वाहिनीत आणि त्यानंतर चार वर्षं इथे, वाचा-उपचार केंद्रात, मी दुसरं काहीच केलेलं नाही; चित्रफिती कापतो. मला सगळे ‘कात्री’च म्हणतात. अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. तर कात्रीने जिथे सांगितलं तिथे कापलं गेलं नाही, ही गोष्ट शिंप्याच्या हातून बाही तोकडी निघावी तशी मला लागली.

काम साधं आहे. पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं गेलं, अशी माणसं आमच्याकडे येतात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा. थेरपिस्ट मॅडम एकेका वस्तूचं चित्र असलेलं कार्ड समोर ठेवतात, विचारतात, ‘हे काय आहे?’ पेशंट सांगतो, किंवा सांगत नाही. तासाभराची ती फीत जिन्याखालच्या माझ्या खोलीत येते आणि तिच्यातून मी कामाचं तेवढं काढतो. कार्ड आणि उत्तर. मधली शांतता, खोकला, पाणी पिणं, खिडकीतून येणारा हॉर्न, सगळं बाहेर. रंगीत बटणांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही आणि मला ते नकोच आहे. काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची: ही फाइल घे, इथून, इथपर्यंत, नव्या फाइलला हे नाव दे. एंटर. संगणकाशी असं दोन शब्दांत बोलायला मला आवडतं. तो ‘अं’ म्हणत नाही.

सात सेकंद कुठून आले ते मला लगेच कळलं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं असं आपण समजतो, पण त्यातली बहुतेक चित्रं अर्धवट असतात. पूर्ण चित्र मधूनच एखादं, आमच्या कॅमेऱ्यात दर दहा सेकंदांनी. बाकीची एवढंच सांगतात की मघापासून काय बदललं: हात इथून तिथे गेला, पापणी मिटली. तुम्ही अधल्यामधल्या सेकंदाला कापायला सांगितलंत की संगणकापुढे दोन रस्ते असतात. सगळी चित्रं नव्याने तयार करायची आणि अचूक कापायचं, त्याला वेळ लागतो. नाहीतर आहे तसं उचलून द्यायचं, चुटकीसरशी, पण मग सुरुवात पूर्ण चित्रापासूनच करावी लागते आणि त्यासाठी मागे जावं लागतं. इतकी वर्षं मी पहिल्या रस्त्याने जात होतो. त्या दिवशी गुरुवारच्या बैठकीसाठी साठ-सत्तर तुकडे हवे होते आणि माझा संगणक म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकत होता, म्हणून मी ओळीतले दोन शब्द बदलले. चूक माझीच होती. मी तुकडा पुसून पुन्हा कापणार होतो. पण लागलाच आहे तर बघू, म्हणून बघितला.

तुकडा चष्मेवाल्या बाईंचा होता. वय त्रेपन्न, आजारपणाआधी चष्म्याचं दुकान चालवायच्या, म्हणून आमच्यात त्या चष्मेवाल्या बाई. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी विसरून गेल्यासारखा. माझ्या यादीप्रमाणे या तुकड्यात काय होतं, तर समोर किल्लीचं कार्ड आणि बाईंचं उत्तर: ‘कंगवा’. चूक. त्यांची सगळी उत्तरं अशीच होती. छत्री दाखवली की ‘किल्ली’, चमचा दाखवला की ‘छत्री’. गुरुवारी यावरच निर्णय व्हायचा होता. दीड वर्ष झालं, सुधारणा नाही, तेव्हा उपचार थांबवावेत आणि शहराबाहेरच्या कायमच्या निवासी केंद्राचं शिफारसपत्र बहिणीच्या हाती द्यावं. तसं झालं असतं तर बाई पुन्हा या इमारतीत आल्या नसत्या.

आता त्या फुकटच्या सात सेकंदांत काय होतं? टेबलावर किल्लीच्या आधीचं कार्ड होतं. कंगव्याचं. मॅडम म्हणाल्या, “बरं, राहू दे, पुढचं बघू,” आणि कार्ड उचललं. आणि बाईंची नजर त्या कार्डाबरोबर गेली. टेबलावरून मॅडमच्या हाताबरोबर उठली, हवेतून गेली, बाजूच्या गठ्ठ्यावर जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. समोर किल्ली ठेवली गेली तरी तिथेच. मग ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “कंगवा.”

मी ते पाच वेळा बघितलं. मला काही मोठं समजलं वगैरे नव्हतं, फक्त एक खाज सुटली. शाळेत गणिताचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळायचं नाही आणि तरी आपण कुठे चुकलो ते सापडायचं नाही, तेव्हा सुटायची तशी. पुढचा तुकडा काढला, मुद्दाम वीस सेकंद आधीपासून. छत्री, उत्तर ‘किल्ली’. आधीचं कार्ड किल्लीचं. त्याच्यापुढचा काढताना माझा हात थांबला, कारण पुढचा तुकडा कुठला हेच मला माहीत नव्हतं. मी तुकडे क्रमाने ठेवतच नाही. भांडी एका फोल्डरमध्ये, कपडे एका, घरातल्या वस्तू एका, प्राणी एका. ही माझीच युक्ती, मोठ्या डॉक्टरांनी शाबासकी दिलेली. आधीच्या थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, नव्या मॅडम आल्या, आणि त्यांना दीड वर्षाचा इतिहास समजायला मिळाले ते माझे हे स्वच्छ, नीटनेटके, रांगेतून उठवून भलतीकडे बसवलेले तुकडे. चमचा भांड्यांत गेला, छत्री घरातल्या वस्तूंत, आणि त्या दोघांचं एकमेकांशी काही नातं होतं याचा पुरावा मी माझ्या हाताने, दर वेळी एंटर दाबून, नाहीसा केला होता.

जेवणाची सुट्टी झाली, मी उठलो नाही. मूळ लांब फाइल उघडून नुसता बघत बसलो. मी आजवर एकही फीत अशी बघितली नव्हती. माझं बघणं म्हणजे आवाजाच्या रेषेवर टेकाडं कुठे येतात ते बघणं; सपाट भाग म्हणजे काहीच नाही. आता सपाट भागात एक बाई बसलेली होती. ती काहीच करत नव्हती असं अजिबात नव्हतं. ती शोधत होती. अडगळीच्या खोलीत शिरून, एकेक डबा उघडून, ‘हा नाही, हा नाही’ असं करत असावी, आणि डबा सापडून ती बाहेर येईपर्यंत दारातलं माणूस बदललेलं असायचं. मला माझे वडील आठवले. ते कुलुपं दुरुस्त करायचे, आणि बोलायचे फार हळू. तोतरे नव्हते. एक शब्द ठेवायचे, त्याच्याकडे बघायचे, मग दुसरा आणायला जायचे. घरात कुणालाच तेवढा धीर नव्हता. आई त्यांचं वाक्य पुरं करायची, आत्या करायची, मी तर शर्यत लावल्यासारखा करायचो. वाहिनीत नोकरी लागली तेव्हा ते मला सोडायला स्टेशनावर आले. गाडी हलायच्या बेतात होती. ते म्हणाले, “तू तिकडे...” आणि मी म्हणालो, “हो हो, नीट राहीन, जेवीन वेळेवर.” त्यांनी मान हलवली. तीस वर्षं मी धरून चाललो होतो की ते हेच म्हणणार होते. पण मान तर माणूस हलवतोच. समोरच्याने आपल्या तोंडात घातलेला शब्द बाहेर काढून ठेवण्यापेक्षा मान हलवणं सोपं असतं. ते काय म्हणणार होते? ‘तू तिकडे जाऊ नकोस’? ‘तू तिकडे मलाही बोलाव’? की खरंच जेवणाचंच काही? आता विचारायला ते नाहीत. आणि गंमत अशी, की मला दुःखापेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं. भरल्या दुपारी, डबा न उघडता, मी एका वाक्याचा उरलेला भाग शोधत होतो.

चारपर्यंत यादी तयार झाली. तीन फितींत एकशे बारा कार्डं. मागच्या कार्डाचं, क्वचित त्याच्याही मागच्या कार्डाचं बरोबर उत्तर: एकोणऐंशी. मी तो कागद घेऊन वर गेलो. थेरपिस्ट मॅडम सव्वीस-सत्तावीसच्या असतील, हुशार, सतत घाईत, पेन केसात खोचून तेच शोधत फिरणाऱ्या. मला काका म्हणतात.

“काका, हे लक्षण आहे,” माझं ऐकून त्या म्हणाल्या. “मागचा शब्द डोक्यात अडकून राहतो. पुस्तकात आहे. मी नोंदही केलीये तशी.”

“पण मॅडम, कंगवा दाखवला तेव्हा त्या कंगवा म्हणाल्याच नव्हत्या. आधी आलाच नाही तो शब्द. अडकेल कुठून?”

त्यांनी केसातलं पेन काढलं. “किती वेळ थांबले मी?”

“पाच सेकंद. दर वेळी पाच.”

“नियमच आहे पाचचा.”

“त्यांना नऊ लागतात. कधी बारा. एकदा तेवीस लागले.”

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन आकड्यांवरून पेन फिरवलं. मला वाटलं आता चिडतील. मी कोण, जिन्याखालचा माणूस. पण त्या म्हणाल्या, “मी त्या वेळात खाली बघून खुणा करत असते, काका. त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही.” मग, आवाज जरा खाली आणून: “मोठ्या डॉक्टरांना मीच लिहून दिलंय, की सुधारणा शून्य.”

त्या संध्याकाळी घरी एक प्रयोग केला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “अहो, मी म्हणत होते...” एरवी मी लगेच म्हणालो असतो, ‘हो, नळवाल्याला बोलावतो’. आज तसं म्हणालो नाही. ती थांबली. एक घडी घातली, दुसरी घातली. माझ्या तोंडात नळ, गॅस, तिच्या भावाचं पत्र असे तीन-चार शब्द रांगेत उभे होते, दार उघडायची वाट बघत. मी दाताखाली जीभ धरली. “काय हो, बरं वाटत नाही का?” ती म्हणाली. “छे, तू बोल.” पुन्हा शांतता. टॉवेल झटकला. आणि मग, माझ्याकडे न बघता: “मला पोहायला शिकायचंय.” सत्तावीस वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्या घरात आला नव्हता. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, “झाली असतील सात-आठ वर्षं. प्रत्येक वेळी नळाचंच निघतं.” मी हसलो, तीही हसली, पण रात्रीची भाजी चिरताना मी हिशोब करत होतो की अशी किती वाक्यं मी नळात ढकलली असतील.

गुरुवारी बैठकीत मोठे डॉक्टर, दोन बाहेरचे तज्ज्ञ, मॅडम आणि टेबलाच्या टोकाला चष्मेवाल्या बाईंची धाकटी बहीण. बाई स्वतः बाहेर बाकावर. ‘त्यांना आत आणून उपयोग काय’ असं कुणीतरी म्हणालं होतं. निवासी केंद्राचा अर्ज बहिणीच्या पुढ्यात होता, भरलेला, सहीपुरता रिकामा. ती त्याचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. माझं काम प्रोजेक्टर चालवण्याचं. “कात्री, लाव,” डॉक्टर म्हणाले. मी न कापलेली फीत लावली. मॅडमना सांगून, पण डॉक्टरांना न सांगता. कंगव्याचं कार्ड आलं. एक, दोन, तीन सेकंद. भरल्या खोलीत शांतता किती मोठी होते हे मला तोवर माहीत नव्हतं. एका तज्ज्ञाने घड्याळ बघितलं. दुसऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

“अडकलंय का?” डॉक्टर म्हणाले.

“नाही सर, चालू आहे.”

“मग पुढे घे ना.”

“नको सर. जरा थांबा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून बघितलं. चार वर्षांत मी त्यांना ‘नको’ म्हणालो नव्हतो. त्यांच्याइतकाच मीही चपापलो. पडद्यावर कार्ड उचललं गेलं, बाईंची नजर गठ्ठ्याकडे गेली, किल्ली समोर आली, आणि अकराव्या सेकंदाला: “कंगवा.” मग मॅडम उठल्या. त्यांनी काही झाकलं नाही. स्वतःचे पाच सेकंद, खाली घातलेली मान, शून्य सुधारणेचा अहवाल, सगळं सांगितलं. “तुकडे गोळा करून क्रम मी मोडला,” असं मी मागून म्हणालो, ते कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, उशीर म्हणजे बरं होणं नव्हे. खरंच आहे. पण बाईंना समजतं की नाही, हा प्रश्न तर निकालात निघाला? डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तीन महिने,” ते म्हणाले. “वेळेची मर्यादा न ठेवता. मग बघू.” आणि जाता जाता माझ्याजवळ थांबून, “विचारून लावत जा रे,” एवढंच. बहिणीने अर्ज पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. दीड वर्ष एकटीने उचलून-बसवून, न्हाऊ-माखू घालून जिची पाठ गेलीये, ती इतक्यात काही फाडत नाही.

पुढच्या सोमवारी मॅडमनी मला वर बोलावलं. कॅमेऱ्यामागे माणूस असला तर त्यांना थांबायचं लक्षात राहील, म्हणाल्या. बाई चाकाच्या खुर्चीत, शेजारी धाकटी. कार्डं झाली, सावकाश, एकेका कार्डाला चहा गार व्हावा इतका वेळ देऊन. बाई थकल्या नाहीत. उलट पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची ती घाई गेली होती, सुटत चाललेल्या बसमागे धावणाऱ्याची असते ती. शेवटी मॅडमनी गठ्ठा बाजूला ठेवला. “आज मीच विचारतेय मघापासून. तुम्हाला काही विचारायचंय का?”

धाकटी म्हणाली, “तिला काय...” आणि गप्प झाली. मॅडमनी तिच्या हातावर नुसता हात ठेवला होता.

मी कॅमेऱ्यातल्या आकड्याकडे बघत होतो. दहा. वीस. खिडकीची काच वाऱ्याने वाजली. पस्तीस. बाईंची नजर कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती, आत कुठेतरी होती. मला वाटलं, प्रश्नच पोचला नाही. मला वाटलं, आपण उगीचच. मग मी आकड्याकडे बघायचं सोडून दिलं.

“आई,” बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने: “आई... कधी गेली?”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण तिच्याकडे बघून अंदाज आला; बाकीचं नंतर कळलं. तिघी एकत्र राहायच्या. आई सात महिन्यांपूर्वी गेली होती. थोरलीला सांगितलं नव्हतं, भावाकडे राहायला गेलीये असं सांगितलं होतं, कारण हिला समजून समजून काय समजणार. आणि बाई ‘गेली का’ असं विचारत नव्हत्या. ते त्यांना माहीत होतं. शेजारच्या खोलीतली कॉट हलवल्याचा आवाज, चार दिवस घरात ये-जा करणारी, दबक्या आवाजात बोलणारी माणसं, हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांना फक्त दिवस हवा होता.

आता धाकटी बोलेना. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बाई तिच्याकडे बघत थांबल्या. घाई नाही, रागही नाही. असं थांबणं मी कुणाचं बघितलेलं नाही.

“सात महिने झाले. एकवीस तारखेला,” धाकटी म्हणाली. “पहाटे. झोपेतच गं, ताई. त्रास नाही झाला काही.”

बाईंनी ते ऐकलं. त्या पुन्हा आत गेल्या, एखादी जड वस्तू आणायला जावं तशा. या वेळी आम्हा तिघांनाही थांबायला सांगावं लागलं नाही. मॅडमच्या केसातलं पेन खाली पडलं, त्यांनी उचललं नाही.

“तू,” बाई म्हणाल्या. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून निघाला आणि धाकटीच्या कोपराला लागला. “तू... एकटीच होतीस.”

“हो,” धाकटी म्हणाली. “एकटीच होते.” आणि तिने खुर्ची पुढे ओढून ताईच्या मांडीवर, त्या न हलणाऱ्या हाताशेजारी, डोकं टेकवलं.